सैनिकाच्या पाठीवर काय काय असतं, आणि ते कमी का होत नाही?

६ जून १९४४ च्या सकाळी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्याकडे अमेरिकी सैनिकांच्या बोटी निघाल्या. काही बोटी वाळूपर्यंत पोचल्याच नाहीत. मध्येच थांबल्या, पुढची फळी खाली पडली, सैनिक पाण्यात उतरले आणि त्यांतले काही जण गोळी लागायच्या आतच बुडाले. अंगावर रायफल, काडतुसं, हातबॉम्ब, गॅस मास्क, फावडं, खाण्याची पाकिटं, जास्तीचे कपडे, आणि हे सगळं भिजलेल्या लोकरीच्या गणवेशावर. तीस किलोच्या आसपास वजन अंगाला बांधलेला माणूस छातीभर पाण्यातही एकदा पडला की उठणं कठीण. गंमत अशी, की त्या सामानातली एकेक वस्तू घेऊन विचारलं, 'ही काढून टाकू का?', तर बहुतेक वेळा उत्तर 'नको' असंच आलं असतं.

सैनिकाच्या सामानाचा इतिहास सांगताना आपण तलवारीपासून सुरुवात करतो आणि मशीनगनपर्यंत येतो. त्यात चूक काही नाही, पण त्या वाटेनं गेलं की शस्त्रं बदलत गेली एवढंच कळतं. ती का बदलली आणि बदलायला इतका वेळ का लागला, हे कळत नाही. ते कळायला वजनाचा काटा हातात घ्यावा लागतो. सैनिकाच्या अंगावरच्या वजनाची मोटामोटी तीन खाती असतात: मारायचं सामान, वाचायचं सामान आणि जगायचं सामान. पहिल्यात तलवार, बंदूक, गोळ्या. दुसऱ्यात ढाल, चिलखत, शिरस्त्राण. तिसऱ्यात अन्न, पाणी, पांघरूण, बूट, कुदळ, औषधं. माणसाची पाठ काही शतकागणिक रुंद होत नाही. त्यामुळे एका खात्यात भर पडली की दुसऱ्यातून काढावं लागतं. निदान काढायला हवं.

रोमन शिपायाचा हिशोब

या हिशोबाची लेखी नोंद बऱ्यापैकी जुनी आहे. रोमन लष्करी प्रशिक्षणावर लिहिणाऱ्या व्हेजेशियसनं म्हटलंय की नव्या भरतीच्या पोरांना ६० रोमन पौंड, म्हणजे जवळपास २० किलो ओझं घेऊन लष्करी चालीनं चालायचा सराव द्यावा. यात शस्त्रं धरायची की नाही यावर अभ्यासक आजही भांडतात. धरली नाहीत तर आकडा सहज तीस-पस्तीस किलोवर जातो, कारण लोखंडी कड्यांचं चिलखतच दहा किलोच्या घरात, आणि लाकूड-चामड्याची ती मोठी वाकलेली ढाल सहा ते दहा किलो.

याहून महत्त्वाची नोंद ज्यू इतिहासकार जोसीफसची आहे. पहिल्या शतकातला रोमन शिपाई काय बाळगतो, याची त्यानं यादी दिली: करवत, टोपली, फावडं, कुऱ्हाड, चामड्याचा पट्टा, विळा, साखळी आणि तीन दिवसांचा शिधा. ही यादी एखाद्या बांधकामावरच्या मजुराची वाटते आणि ते खरंही आहे. रोमन सैन्य रोज संध्याकाळी मुक्कामाला खंदक खणून, मातीचा बांध घालून छावणी उभी करायचं. हे सगळं आधी बैलगाड्या आणि खेचरांवर लादलेलं असायचं. इसवी सनापूर्वी १०७ च्या सुमारास गायस मारियस या सेनापतीनं त्यातलं बरंचसं शिपायाच्या खांद्यावर टाकलं, तेव्हा लोक शिपायांना 'मारियसची खेचरं' म्हणू लागले. मागून येणारा तांडा जितका छोटा, तितकं सैन्य चपळ. म्हणजे ओझं कमी झालं नाही, त्याचा हमाल बदलला. पुढे हे वारंवार दिसणार आहे.

आणि या सामानाचे पैसे कोण देणार? रोमन शिपायाच्या पगारातून कपडे, शस्त्रं, तंबू यांचे पैसे कापले जात. त्याआधीच्या ग्रीक नगरराज्यांत तर ब्राँझचं शिरस्त्राण आणि मोठी गोल ढाल ज्याची त्यानं विकत घ्यायची. ज्याला परवडेल तो पहिल्या रांगेत, ज्याला नाही तो गोफण घेऊन बाजूला.

चिलखत: अंगावरचं घर

चिलखताबद्दल आपल्या डोक्यात चित्रपटातलं चित्र असतं. सरदार घोड्यावरून पडला की कासवासारखा उताणा, आणि त्याला घोड्यावर चढवायला यारी लागते. हे निखालस खोटं. पंधराव्या शतकातलं युरोपातलं पूर्ण पत्र्याचं चिलखत २० ते २५ किलोचं असायचं, पण ते हात, पाय, छाती, मांड्या यांवर वाटलेलं. ते घालून माणूस पळू शकतो, घोड्यावर चढू शकतो, जमिनीवरून स्वतः उठू शकतो. कड्यांचं चिलखत वजनाला त्याच्या निम्मं असलं तरी सगळं खांद्यावरून लोंबतं, म्हणून कमरेला पट्टा आवळून थोडा भार खाली घ्यायची पद्धत होती. आजच्या गिर्यारोहकाच्या सॅकला कमरपट्टा असतो तो याच कारणासाठी.

कडी चिलखत करणं हे अतिशय कटकटीचं काम. तार काढायची, कडी वळवायची, एकेका कडीत चार कड्या अडकवायच्या, आणि चांगलं चिलखत हवं असेल तर प्रत्येक कडीची टोकं चेपून त्यात रिव्हेट ठोकायचं. अशा हजारो कड्या. असं चिलखत तलवारीचा वार अडवतं, पण वाराचा धक्का अडवत नाही. हाड मोडू शकतं. म्हणून आत कापसानं भरलेला जाड अंगरखा. हिंदुस्थानात नुसता असा शिवलेला जाड दगलाही पुष्कळ शिपायांचं चिलखत होता. उन्हाळ्यात तो घालून लढणं म्हणजे काय, याची कल्पना विदर्भातल्या वाचकांना वेगळी सांगायला नको.

प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाची भेट झाली, त्या प्रसंगात आपण सगळे वाघनखांबद्दल बोलतो. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला प्रदर्शनासाठी आली तेव्हाही चर्चा झाली ती 'हीच ती का?' याची, आणि खुद्द त्या संग्रहालयाचं म्हणणं आहे की तसं सिद्ध करता येत नाही. मला मात्र त्या प्रसंगातला खरा नायक अंगरख्याखालचं चिलखत वाटतं. खानाचा पहिला वार आधी झाला, असं बखरी सांगतात. तो वार चिलखतानं थोपवला नसता तर वाघनखं वापरायची वेळच आली नसती. मंदिलाखाली लोखंडी टोप होता, तोही कामी आला असं सांगतात. वाचायच्या खात्यातल्या वस्तूंच्या गोष्टी कमी सांगितल्या जातात, कारण त्यांनी काम चोख केलं की काही घडतच नाही.

घोड्यावर टाकलेलं ओझं

मराठ्यांनी वजनाचा प्रश्न निराळ्या पद्धतीनं सोडवला. वाचायचं सामान कमी, जगायचं सामान त्याहून कमी, आणि वेग हीच ढाल. भीमथडीचं तट्टू अंगानं मोठं नसतं, पण काटक. स्वारापाशी भाला, तलवार, ढाल, बसायला आणि पांघरायला एकच घोंगडं, घोड्याचा तोबरा. मोगली फौजेच्या मागे हत्ती, तोफा, तंबू, बाजार असा सगळा संसार चालायचा आणि मराठी टोळ्या नेमक्या त्या संसारावरच तुटून पडायच्या.

तलवारीच्या बाबतीत आपले लोक बिलकुल सोवळे नव्हते. लांब सरळ पातं पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांकडून यायचं, त्याला इथली मूठ बसवायची, आणि झाली फिरंगी तयार. पातं कुठलं याच्याशी स्वाराला देणंघेणं नव्हतं, ते वाकतं की तुटतं याच्याशी होतं.

पैशाची भानगड इथेही होतीच. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. त्यामुळे शिलेदाराचा घोडा मेला की त्याची मिळकतच गेली. स्वतःचं भांडवल पणाला लावून लढणारा माणूस त्या भांडवलाला जपणारच. शिवाजीमहाराजांच्या काळात बारगिरांच्या पागेवर भर होता त्यामागे हा व्यवहारही आहे. सरकारी घोड्यावरचा स्वार हुकमाप्रमाणे पुढे जातो.

पण अंगावरून उतरवलेलं ओझं हवेत विरत नाही. पानिपतावर १७६० च्या अखेरीस भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर बुणग्यांचा केवढा तरी लोंढा होता. व्यापारी, यात्रेकरू, बायकामुलं, नोकरचाकर. हलक्या स्वाराच्या अंगावर नसलेला शिधा कुठून तरी यावाच लागतो. अब्दालीनं रसद तोडली, दोन-अडीच महिन्यांत छावणी उपाशी पडली, आणि १४ जानेवारी १७६१ ला लढाईत उतरावंच लागलं. पराभवाची कारणं आणखीही आहेत, पण जगायच्या खात्यात खडखडाट झालेली फौज फार वेळ तग धरत नाही, एवढं नक्की.

दारूगोळ्यानं काय केलं

बंदूक आली आणि चिलखत गेलं, असं एका वाक्यात सांगतात. प्रत्यक्षात दोनशे वर्षं लागली. सुरुवातीला चिलखत करणाऱ्यांनी पत्रा जाड केला, आणि गिऱ्हाइकासमोर त्यावर गोळी झाडून पडलेला पोचा तसाच ठेवला: बघा, टिकतंय. पण पत्रा जाड करत गेलं की वजन वाढतं. मग पायांवरचा पत्रा काढला, मग हातांवरचा, शेवटी छाती आणि डोकं उरलं, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस पायदळातून तेही गेलं. गोळी अडवेल इतकं जाड चिलखत घालून दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालणं शक्य नव्हतं.

रिकाम्या झालेल्या जागेवर लगेच बंदूक येऊन बसली. आधीची तोड्याची बंदूक. तिला चालवायला माणसाला किती गोष्टी जवळ लागायच्या, ते पाहा: नळीत घालायची दारू, बार पेटवायच्या छिद्रापाशी, म्हणजे कानात, भरायची बारीक रंजक, शिशाच्या गोळ्या, ठासायचा गज, आणि दोन्ही टोकांना धुमसत असलेली जामगी, म्हणजे वात. युरोपात खांद्यावरून तिरप्या पट्ट्याला एकेका बाराची मोजलेली दारू भरलेल्या लाकडी कुप्या लटकवत. बऱ्याचदा बारा, म्हणून त्यांना ख्रिस्ताचे 'बारा शिष्य' म्हणत. चालताना त्यांचा खडखडाट, आणि हातात जळती वात. पावसात वात विझणार, रात्री तिचा लाल ठिपका शत्रूला दिसणार, आणि शेजाऱ्याच्या दारूवर ठिणगी पडली तर विचारायलाच नको.

१७०० च्या आसपास गारगोटीची चापाची बंदूक सगळीकडे रुळली आणि जामगी गेली. दारू आणि गोळी कागदात एकत्र गुंडाळलेलं काडतूस आलं आणि कुप्या गेल्या. त्याच सुमारास नळीभोवती बसणारी संगीन आली. ती लावूनही बार काढता येई. या साध्या लोखंडी नळीनं एक आख्खा सैनिक रद्द केला, कारण तोवर बंदुकवाल्यांचं घोडदळापासून रक्षण करायला शेजारी लांब भालेवाले उभे करावे लागत. आता बंदूकवालाच भालेवाला झाला. महादजी शिंद्यांनी १७८० च्या दशकात द बॉयन या साव्हॉयच्या अधिकाऱ्याकडून ज्या कवायती पलटणी उभ्या केल्या त्या याच धर्तीच्या होत्या, आणि त्यांच्यासाठी आग्र्याच्या कारखान्यात तोफा-बंदुका बनत.

या काळातल्या बुटांबद्दल एक गोष्ट सांगायची राहू नये. अठराव्या शतकातल्या युरोपीय शिपायाला मिळणाऱ्या बुटांत डावा-उजवा असा फरकच नसे. दोन्ही सारखे. झीज सारखी व्हावी म्हणून रोज पाय बदलून घालायचे. वेगवेगळे साचे ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडत असे. पाय कोणाचे सोलतायत, याचा विचार कंत्राटदारानं करायचं कारण नव्हतं.

एका काडतुसाची उलथापालथ

सामान बदलल्यानं काय होऊ शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे, आणि त्यामागचं तंत्र सहसा कोणी सांगत नाही.

जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. गोळी नळीपेक्षा थोडी लहान, म्हणून भराभर ठासता येई, पण सुटताना ती आत आपटत-आपटत बाहेर पडे. शंभर मीटरच्या पुढे नेम रामभरोसे. नळीत आतून मळसूत्री खाचा पाडल्या तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि नेम सुधारतो, हे ठाऊक होतं. पण खाचांत घट्ट बसणारी गोळी ठासायला फार वेळ लागे. १८४९ च्या सुमारास क्लोद-एत्येन मिनीए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीनं तिढा सोडवला. ही गोळी लांबुडकी आणि बुडाशी पोकळ. आत जाताना सैल. दारू पेटली की बुडाची कड फुगून खाचांत घट्ट बसते. ब्रिटिशांची १८५३ ची एनफिल्ड रायफल याच तत्त्वाची. एका फटक्यात मारा तिप्पट-चौपट लांब गेला.

आता अडचण अशी, की जळक्या दारूची काजळी नळीत साचते आणि मग ही गोळीही अडू लागते. म्हणून काडतुसाच्या कागदाला गोळीच्या बाजूनं चरबी लावायची. आणि कवायतीचा नियम जुनाच: काडतूस तोंडात धरून कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. चरबी गाईची की डुकराची, ही बातमी १८५७ च्या सुरुवातीला छावण्यांतून पसरली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे, १० मेला मीरत. उठावाची मुळं खोल होती, राज्यं खालसा झाल्याची, जमीनमहसुलाची, पगाराची. पण ठिणगीला लागलेली वस्तू वंगणाची होती. कागद दातांऐवजी हातानं फाडायची सूट इंग्रजांनी दिली, तोवर उशीर झालेला होता.

धूर गेला, रंग गेला

शिपायांचे गणवेश इतके भडक का असत? लाल कोट, पांढरे पट्टे, उंच टोप्या. नुसता थाट म्हणून सोडून देऊ नका. जुन्या काळ्या दारूचा एक बार निघाला की मैदानात धुराची भिंत उभी राही. दोन-चार फैरींनंतर आपला कोण, परका कोण, हे ओळखायला रंगच उपयोगी. शिवाय मारा जवळचाच, म्हणून लपण्यात अर्थ नव्हता.

१८८४ मध्ये पोल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं जवळजवळ धूर न करणारी दारू तयार केली, आणि १८८६ ची लबेल रायफल तिच्यावर चालली. आता झाडीत बसलेला बंदूकवाला धुरामुळे दिसत नाही आणि त्याची गोळी पाचशे मीटरवरून येते. लाल कोट हा आता निव्वळ नेम धरायचा ठिपका. खाकी रंग त्याआधीच आपल्याकडच्या सरहद्दीवर, पेशावरच्या 'गाइड्स' पलटणीत हॅरी लम्सडेननं १८४० च्या दशकात आणला होता. ब्रिटिश सैन्याला त्याची खरी किंमत दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात कळली. फ्रेंचांना त्याहून उशिरा. ऑगस्ट १९१४ मध्ये त्यांचं पायदळ लाल विजारी घालून जर्मन मशीनगनांसमोर गेलं. लाल विजार म्हणजेच फ्रान्स, असं म्हणणारे पुढारी तोपर्यंत पॅरिसमध्ये होते.

चामड्याचे पट्टेही याच सुमारास मागे पडले. चामडं भिजलं की फुगतं, वाळलं की तडकतं, आणि छातीवरून आडवेतिडवे गेलेले पट्टे श्वास कोंडतात. १९०८ साली ब्रिटिशांनी जाड विणलेल्या सुती पट्ट्यांची जोडणी घेतली: खांद्यावरून पट्टे, कमरेला पट्टा, पुढे दोन्ही बाजूंना मिळून दीडशे काडतुसांचे खिसे, मागे पाण्याची बाटली, खणायचं हत्यार आणि पिठ्ठू. पुढचं वजन मागच्या वजनाला तोलतं, आणि बक्कल सोडलं की सगळं एकदम कोटासारखं उतरतं. आजच्या जवानाची जोडणी या कल्पनेचीच नातवंड आहे. सगळं मिळून वजन मात्र २७-२८ किलो भरायचं.

पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्य सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेलला उतरलं ते उष्ण हवेतल्या पातळ सुती गणवेशात, आणि समोर फ्लँडर्सचा हिवाळा होता. लोकरीचे कपडे मिळाले, पण मागाहून. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, आणि तिथे दुष्काळ अन्नाचा. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात पूना डिव्हिजनमधल्या मराठ्यांसह सगळी फौज डिसेंबर १९१५ पासून अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनं शरण गेली. रायफली सगळ्यांकडे होत्या.

याच युद्धात टोप परत आला. खंदकात उभ्या माणसावर मरण समोरून कमी आणि वरून जास्त येतं: हवेत फुटणाऱ्या तोफगोळ्यांचे तुकडे. १९१५ मध्ये आधी फ्रेंचांनी एड्रियन टोप काढला, मग ब्रिटिशांनी ब्रॉडी, पुढच्या वर्षी जर्मनांनी कानांवरून उतरणारा. ब्रॉडीचा आकार उपड्या थाळीसारखा का, हे आता कळेल. डोक्याबरोबर खांद्यांवरही छप्पर हवं होतं. यांतला एकही रायफलची सरळ गोळी अडवायला बनवलेला नव्हता. आणि २२ एप्रिल १९१५ ला ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडल्यावर वाचायच्या खात्यात आणखी एक वस्तू कायमची आली: गॅस मास्क.

हलकी गोळी, जड जाकीट

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यांच्या लक्षात आलं की बहुतेक गोळीबार तीनशे मीटरच्या आतच होतो. मग हजार मीटर जाणारी जड गोळी कशाला बाळगायची? थ्री-नॉट-थ्रीचं एक काडतूस साधारण २५ ग्रॅमचं. ५.५६ मिलिमीटरचं जेमतेम १२. तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या. अमेरिकेनं हा बदल १९६० च्या दशकात केला. आपल्याकडे १९९० च्या दशकात इन्सास रायफल आली तेव्हा.

आता मारायचं खातं हलकं झालं म्हटल्यावर जवानाला मोकळं वाटलं असेल? छे. १९६५ मध्ये ड्यूपाँत कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनतज्ज्ञ बाईंना केव्हलारचा शोध लागला. या धाग्याचं कापड गोळीला तसं अडवतं जसं क्रिकेटच्या सरावाचं जाळं चेंडूला: एका जागी आलेला जोर दूरवरच्या धाग्यांवर पसरवून. पण हे पिस्तुलाच्या गोळीपुरतं आणि बॉम्बच्या तुकड्यांपुरतं. रायफलची टोकदार वेगवान गोळी धागे बाजूला सारून आत घुसते. तिच्यासाठी कापडाच्या पुढे सिरॅमिकची कडक फरशी लागते. गोळी तिच्यावर आपटून स्वतः फुटते, फरशीही तडकते, आणि मागचे धागे तुकडे झेलतात. अशा फरश्या पुढे-मागे घातल्या की जाकीट दहा किलोच्या आसपास जातं. कड्यांचं चिलखत होतं जवळजवळ तेवढंच.

आपल्याकडे काश्मीरमधल्या जवानांनी कित्येक वर्षं डोक्याला 'पटका' बांधला: कपाळ आणि मागची बाजू झाकणारं लोखंडी कवच, वजन दोन-अडीच किलो, वरून डोकं उघडं. एके-४७ ची गोळी अडवायची म्हणून तो स्वीकारला, मान दुखली तरी. २०१६-१७ च्या सुमारास कानपूरच्या एमकेयू कंपनीकडे १ लाख ५८ हजार नव्या हेल्मेटांची मागणी गेली. एप्रिल २०१८ मध्ये १,८६,१३८ बुलेटप्रूफ जाकिटांचा ६३९ कोटींचा करार झाला. डीआरडीओ आणि दिल्ली आयआयटीनं सप्टेंबर २०२४ मध्ये 'अभेद' जाकिटं दाखवली, त्यांचं वजन संरक्षणाच्या पातळीनुसार ८.२ आणि ९.५ किलो. अर्धा किलो कमी करायला संशोधकांची वर्षं जातात, आणि जवानाला तो अर्धा किलो चढावर लगेच कळतो.

उंचावर तर हिशोबच पालटतो. ऑक्टोबर १९६२ मध्ये नामका चू नदीकाठी आपले जवान सुती गणवेशात, थ्री-नॉट-थ्री आणि माणशी सुमारे ५० गोळ्या घेऊन उभे होते. त्यातून शिकायला वेळ लागला, पण १३ एप्रिल १९८४ ला सियाचीनवर 'मेघदूत' मोहीम सुरू झाली तेव्हा पिसं भरलेले कपडे, दुहेरी बूट, बर्फाचे चष्मे यांची जमवाजमव आधीपासून चालली होती. तिथे थंडी, उंची आणि हिमकडे यांनी शत्रूच्या गोळीपेक्षा जास्त माणसं नेली. मारायचं खातं तिथे सगळ्यात धाकटं.

चौथं खातं

गेल्या तीस वर्षांत वर सांगितलेल्या तीन खात्यांत आणखी एकाची भर पडली आहे: पाहायचं आणि बोलायचं सामान. रात्री दिसणारी दुर्बीण, वायरलेस, जीपीएस, उष्णता टिपणारा कॅमेरा, आणि या सगळ्यांच्या बॅटऱ्या. बॅटरी हा विचित्र प्रकार आहे. शिधा खाल्ला की पिठ्ठू हलका होतो, गोळ्या झाडल्या की खिसे हलके होतात. बॅटरी संपली तरी तेवढीच जड.

अमेरिकी सैन्यानं २००३ मध्ये अफगाणिस्तानात पायदळाच्या जवानांचं ओझं प्रत्यक्ष वजन करून पाहिलं. लढताना अंगावर सरासरी सुमारे २९ किलो, चालत पुढे सरकताना सुमारे ४६, आणि आणीबाणीच्या मोहिमेत ६०. माणसानं स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घेऊन लढू नये, हा ठोकताळा लष्करी लोक शंभर वर्षं सांगत आले आहेत. पाळणारं सैन्य दाखवा.

ताजी घडामोड तर अशी, की उलटी वाट सुरू झाली आहे. समोरच्याही अंगावर आता सिरॅमिकची फरशी असणार, आणि ५.५६ ची हलकी गोळी ती भेदेल याची खात्री नाही. म्हणून अमेरिकेनं २०२२ मध्ये ६.८ मिलिमीटरची नवी रायफल निवडली. ती जड, तिचं काडतूस जड, मॅगझिनमध्ये तीसऐवजी वीस गोळ्या. आधी जवान २१० गोळ्या घेऊन निघायचा, आता १४०. एका बाजूचं वाचायचं खातं वाढलं की दुसऱ्या बाजूचं मारायचं खातं वाढतं. सोळाव्या शतकात पत्रा जाड करणारा लोहार आणि बंदूक मोठी करणारा कारागीर यांच्यात हेच चाललं होतं.

जानेवारी २०२५ मध्ये सैन्यदिनाचं संचलन पुण्यात, खडकीला झालं. त्यात चार पायांवर चालणारे यांत्रिक 'म्यूल', म्हणजे खेचरं, पथकाबरोबर चालले आणि लोकांनी मोबाइल वर करून त्यांचं चित्रीकरण केलं. यंत्र दगडधोंड्यांतून, पायऱ्यांवरून चालतं आणि पाठीवर सुमारे पंधरा किलो घेतं. एका जवानाच्या ओझ्याचा अर्धा भाग, फार तर. चौकीवर ते चार्ज कुठे करायचं, आणि त्याची जास्तीची बॅटरी कोणाच्या पिठ्ठूत ठेवायची, हे तिथल्या हवालदारालाच ठरवावं लागेल.